स्प्रे घेऊ, पण आधी हिशेब मांडू

या कार्यक्रमात आपण कधी पापडाच्या मशीनबद्दल बोललो, कधी शिलाई मशीनबद्दल. आज आम्ही जरा वेगळ्या अवजाराबद्दल बोलणार आहोत. रंग आणि पॉलिश मारायची स्प्रे गन. आणि काम कुठलं, तर घरी बनवलेल्या गिटारला पॉलिश करायचं. हसू नका. गिटार म्हटलं की आपल्याला सिनेमा आठवतो, पण ही गिटार आमच्या गटाच्या दारात आली आणि तिनं आम्हाला बरंच काही शिकवलं. काही शिकलो ते पैसे घालवून, काही शिकलो ते घाबरून. तुम्हाला ते फुकटात मिळावं म्हणून हे बोलणं.

आधी आमचं काम सांगतो. आमचा गट ११ जणींचा, गाव मंगळवेढ्याच्या बाजूचं. मंगळवेढा म्हटलं की लोकांना ज्वारी आठवते. पण आपल्या या भागातला भोपळा मिरजेला जातो, हे पुष्कळांना माहीत नसतं. खायचा भोपळा नव्हे. जाड सालीचा, वाळला की लाकडासारखा टणक होणारा. मिरजेच्या सतारीचा आणि तंबोऱ्याचा तुंबा त्याचाच होतो. त्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्याच घरात पेढे वाटल्यासारखं आम्हाला वाटलं. मोठे, गोल, एकसारखे भोपळे तिकडे जातात. लहान आणि वाकडे मागे उरतात. त्या उरलेल्या भोपळ्यांच्या आम्ही एकतारी बनवतो. आषाढी-कार्तिकीच्या आधी पंढरपुरातले दुकानदार त्या घेतात.

एकतारीला पॉलिश आम्ही हातानंच करतो. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, सुती कापडाचा बोळा करायचा आणि हलक्या हातानं फिरवत जायचं. एक लिटर स्पिरिटला साधारण १२० ग्रॅम चपडी घातली की पातळ, पटकन वाळणारं पॉलिश होतं. भोपळा गोल असतो, त्यामुळे हाताच्या रेघा दिसत नाहीत. इतकी वर्षं आमचं काही अडलं नाही.

मग आमच्यातल्या एका मावशींचा भाचा आला. तो आयटीआयला सुतारकाम शिकतो. गावातला एक जुना वाडा पाडला, त्याच्या सागवानी दाराची फळी त्यानं मागून आणली होती. त्यातून त्यानं गिटारचं धड कापलं, रंध्यानं सारखं केलं, कडा कानशीनं गोल केल्या. काम इतकं सुबक, की आम्ही सगळ्या हात फिरवत बसलो. तो म्हणाला, "मावशी, ब्रशनं मारून बघितलं. रेघा दिसत्यात. पुढची बाजू आरशासारखी पाहिजे. तुमी पॉलिशचं काम करता, तर करून द्या की. मी पैसे देतो." त्याच्या दोघा मित्रांनाही अशीच गिटार करायची होती. शिवाय पंढरपूरच्या एका दुकानदारानं आम्हाला दिंडीतल्या वीण्यांच्या पॉलिशबद्दल विचारलं होतं. लाकडी वीण्यालाही सपाट भाग असतो. आम्हाला वाटलं, हे काम हातचं जाऊ द्यायचं नाही.

आता पहिली फजिती ऐका. आपल्या भागात डाळिंब आहे, द्राक्ष आहे. घरोघरी पाठीवरचा फवारणी पंप आहे. आमच्यातली एक म्हणाली, "पंप हाय की! औषध मारतो तसं पॉलिश मारू." आम्ही पंप तीन वेळा धुतला, त्यात थिनर घातलेलं लॅकर भरलं आणि एका फळीवर मारून पाहिलं. फळीवर थेंबच थेंब, जणू पाऊस पडून गेला. फवारणी पंपाचा थेंब पानावर बसायला केलेला असतो, तो पॉलिशसाठी फार मोठा पडतो. त्यात थिनरनं पंपाचे रबरी वायसर फुगले आणि पंप गळायला लागला. मालकिणीला नवे वायसर घेऊन द्यावे लागले. फळीवर मारलं म्हणून बरं, गिटारवर मारलं असतं तर पोराची चार महिन्यांची मेहनत गेली असती. तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा. पॉलिशचा पंप वेगळा, औषधाचा पंप वेगळा. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेऊ नका.

मग आम्ही बाजारात चौकशी केली. एका दुकानात आम्हाला पूर्ण संचच दाखवला. दोन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर, मोठी गन, पाइप, सगळं मिळून १४ हजार. दुकानदार म्हणाला, एकदाच घ्या, आयुष्यभर बघायला नको. गटाकडे फिरत्या निधीचे पैसे होते. आम्ही जवळजवळ ठराव लिहिला होता. तेवढ्यात आमच्या आक्का बोलल्या. आक्कांना सही करता येते, त्यापुढं लिहिता येत नाही, पण हिशेब तोंडपाठ. त्यांनी एकच विचारलं, "वर्षाला नग किती?"

कुणालाच सांगता येईना. मग वहीत मांडलं. एकतारी वर्षाला ६०, पण त्यांना स्प्रे लागतच नाही. गिटारी फार तर ६. वीणे मिळाले तर १०. म्हणजे १६ नग. ते एकत्र गोळा करून मारले तर वर्षात स्प्रेचे दिवस किती? ६. सहा दिवसांसाठी ११ हजारांचा कॉम्प्रेसर! शेजारच्या गावात फर्निचरवाला आहे, तो दिवसाला ३०० रुपये भाड्यानं कॉम्प्रेसर द्यायला तयार होता. सहा दिवसांचे झाले १८००. म्हणजे कॉम्प्रेसरच्या किमतीत सहा वर्षं भाडं भागतं. ठराव तिथंच थांबला.

आता कुठकुठले पर्याय असतात, ते एकेक करून सांगतो. भाव आमच्याकडचे, आम्ही विचारले तेव्हाचे आहेत. तुमच्याकडे थोडा फरक पडेल.

पहिला पर्याय, स्प्रेचा तयार डबा. ४०० मिलीचा, अडीचशे-तीनशे रुपयांना. मशीन नको, वीज नको. पण एका गिटारला थरावर थर देता देता तीन-चार डबे सहज लागतात, म्हणजे हजार रुपये. एखादीच गिटार करायची असेल तर हाच सगळ्यात स्वस्त मार्ग. दहा करायच्या असतील तर महाग.

दुसरा, हातात धरायची विजेची गन. तिला कॉम्प्रेसर लागत नाही, मोटर आतच असते. दीड हजारापासून तीन-साडेतीन हजारांपर्यंत मिळते. भिंत, कपाट, दरवाजा यांना चांगली. पण हिचा फवारा जाडसर असतो. छोट्या वस्तूवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो आणि तो घासून काढता काढता हात दुखतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मोटर गनच्या आत असते, तिच्यात ठिणगी पडू शकते. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की लवकर पेट घेणारं थिनर, लॅकर यात वापरू नका. ते बारीक अक्षर दुकानातच वाचून घ्या. पाण्यातला रंग मारायचा असेल तर ही गन ठीक.

तिसरा, मोठी गन आणि मोठा कॉम्प्रेसर, जो गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये असतो. काम उत्तम, पण आपल्या वापराला फार मोठा. शिवाय दोन हॉर्सपॉवर म्हणजे साधारण दीड हजार वॅट. आपल्याकडे व्होल्टेज कमी असलं की मोटर उचलत नाही, नुसती गुरगुरते आणि जळते.

चौथा पर्याय, छोटी गन. हिला टचअप गन किंवा मिनी गन म्हणतात. वर वाटीएवढा कप असतो, सव्वाशे मिलीचा. नोझल ०.८ किंवा १ मिलिमीटरचं. हजार-अकराशेला मिळते. आता विचार करा, गिटारच्या धडाचं पुढचं, मागचं आणि कडांचं मिळून क्षेत्र किती? जेमतेम ३ चौरस फूट, एका पाटाहून थोडं जास्त. एवढ्याला मोठी गन कशाला? आम्ही हीच घेतली.

दुकानदार 'प्रेशर किती' ते सांगतो, पण 'हवा किती' ते विचारायला आपण विसरतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याची टाकी उंचावर ठेवली तर नळाला जोर येतो. पण टाकीच लहान असेल तर घागर भरायच्या आत धार बारीक होते. कॉम्प्रेसरचं तसंच आहे. मोठ्या गनला मिनिटाला ८ ते १४ घनफूट हवा लागते, छोट्या गनला २ ते ४. एक हॉर्सपॉवरचा लहान कॉम्प्रेसर छोट्या गनला पुरतो, मोठ्या गनला अर्ध्या हातात दम सोडतो. दाब मात्र फार लागत नाही. स्कूटरच्या चाकात भरतो तेवढाच, २५-३० पौंड.

गनबरोबर एक वस्तू घ्यायलाच हवी, पाणी अडवायचा फिल्टर. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेतलं पाणी साठतं, जुन्या कॉम्प्रेसरमधून तेलही येतं. ते पॉलिशमध्ये उतरलं की माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. सातशे रुपयांचा फिल्टर वाचवायला जाल तर हजाराचं लॅकर वाया जाईल. भाड्याचा कॉम्प्रेसर आणलात तर आधी टाकीखालची चावी उघडून साठलेलं पाणी काढून टाका.

इथपर्यंत आम्ही शहाण्यासारखं वागलो. आता चूक सांगतो, आणि ती सगळ्यात मोठी आहे.

गन आली, त्याच दिवशी सरावाला बसलो. बाहेर वारा होता, धूळ उडत होती. धूळ ओल्या पॉलिशवर बसते. म्हणून आम्ही मागच्या खोलीत गेलो, दार लावून घेतलं, खिडकीवर चादर बांधली. गन धरली आमच्यातल्या सगळ्यात लहान सुनेनं, कारण तिचा हात स्थिर. तोंडाला करोनाच्या वेळचा मास्क. दहा मिनिटांत तिचं डोकं जड झालं. पंधराव्या मिनिटाला ती बाहेर येऊन ओट्यावर बसली आणि उलटी झाली. तिला झाडाखाली मोकळ्या हवेत आडवं केलं, तासाभरानं बरं वाटलं. नंतर लक्षात आलं, शेजारच्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती. मध्ये फक्त एक उंबरा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत पसरते. त्या दिवशी ती उंबरा ओलांडून चुलीपर्यंत गेली असती तर आज हे बोलायला आम्ही इथं नसतो.

तिच्या सासूबाईंनी महिनाभर तिला गटात येऊ दिलं नाही. आम्हाला त्यांचा राग आला नाही. दार लावायला आम्हीच सांगितलं होतं. आम्ही त्यांच्या घरी गेलो, चूक कबूल केली आणि यापुढं काय काय बदलणार ते सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मशीन घ्यायला पैसं हुतं, तोंडाला लावायला नव्हतं व्हय?"

मैत्रिणींनो, या एका वाक्यानं आमची खरेदीची यादी उलटी झाली. आता आम्ही सगळ्यांना सांगतो, आधी जागा, मग मास्क, मग मशीन.

जागा म्हणजे उघडी पडवी किंवा पत्र्याची शेड, निदान दोन बाजू मोकळ्या. चूल, गॅस, उदबत्ती, विडी, मोबाइलचं चार्जिंग, काही जवळ नको. कॉम्प्रेसर फवाऱ्यापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवायचा. वाळूच्या दोन बादल्या जवळ हव्यात. धुळीवर उपाय आपल्या आज्या-पणज्यांनी शोधून ठेवला आहे, सडा घालायचा. शेण नको, साधं पाणी शिंपडायचं, अर्धा तास थांबायचं आणि मग काम सुरू करायचं. धूळ खाली बसते.

मास्क म्हणजे कापडी नव्हे, करोनाचाही नव्हे. तो धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. दोन्ही गालांशी डबी असलेला रबरी मास्क मिळतो, त्या डबीवर 'ऑर्गॅनिक व्हेपर' लिहिलेलं पाहून घ्या. आम्हाला एक १४०० रुपयांना पडला, आम्ही दोन घेतले. मास्क लावूनही वास यायला लागला तर डबी संपली किंवा मास्क नीट बसलेला नाही, असं समजायचं. काम झालं की मास्क पिशवीत घट्ट बांधून ठेवायचा, उघडा टांगला तर डबी तशीच वाया जाते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं, लहान मुलांनी त्या शेडमध्ये यायचंच नाही. हा आमच्या गटाचा लेखी ठराव आहे.

आणखी एक. दुकानात तुम्हाला हार्डनर मिसळायचं दोन डब्यांचं पीयू पॉलिश दाखवतील. चमक फार सुंदर येते. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा लागू शकतो, आणि आमच्यासारखा डबीचा मास्क त्याला भरवशाचा नाही. आम्ही ते काम घेत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आता गिटारचं काय झालं ते सांगतो. महिन्यानं ती सून परत आली, गन पुन्हा तिनंच धरली. सागवानात मूळचं तेल असतं, त्यामुळे लॅकर नीट धरत नाही. म्हणून १२० पासून ३२० नंबरपर्यंत पॉलिश पेपरनं घासून, थिनरच्या फडक्यानं पुसून, आम्ही आधी आपला नेहमीचा चपडीचा हात दिला. त्यानं तेल आत दाबलं गेलं आणि लाकडाला मधासारखा रंग आला. मग एनसी लॅकर, जवळजवळ तेवढंच थिनर घालून पातळ केलेलं. पुठ्ठ्यावर आधी मारून फवारा पाहिला. गन वस्तूपासून सहा-आठ इंच धरायची, हात सरळ रेषेत न्यायचा, मनगट वळवायचं नाही. घोडा वस्तूच्या बाहेर दाबायचा आणि बाहेरच सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. आणि थर पातळ. एक जाड थर देण्यापेक्षा सहा पातळ बरे. जाड थर ओघळतो. एकतारी-वीण्यासारख्या पोकळ वाद्याचा तर तो आवाजही दाबतो.

वेळ सकाळी सातची. उन्हाळ्यात आपल्या सोलापुरात दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा मारलं तर लॅकर हवेतच वाळतं आणि पिठासारखं खरखरीत बसतं. पावसाळ्यात उलटं, दमट हवेत ते पांढरट पडतं. आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी आम्ही पॉलिश पेपरचं काम करतो, गन बाहेर काढत नाही. काम झालं की लगेच गनमधून थिनर फिरवून नोझल धुवायचं. आज कंटाळा केलात तर उद्या नवीन नोझल घ्यावं लागेल.

दोन दिवसांत सहा थर झाले. गिटार तीन आठवडे सावलीत टांगून ठेवली, मग बारीक पेपरनं पाणी लावून घासली. खालच्या कडेला एक ओघळ राहिलाय, निरखून पाहिलं की दिसतो. आम्ही पोराला दाखवला, तो म्हणाला, राहू दे, ती तुमची सही.

हिशेब ऐका. गन ११००, फिल्टर ७००, दोन मास्क २८००, पाइप ४००, चष्मा आणि हातमोजे २००. एकूण ५२००. १४ हजारांच्या ठिकाणी. यातले २८०० फक्त मास्कचे, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि तेच आम्हाला सगळ्यात योग्य खर्च वाटतात. त्या गिटारचे १५०० मिळाले. सामान आणि दोन दिवसांचं भाडं जाऊन ४५० उरले. फार नाहीत. पण दोन गिटारी आणि चार वीणे एकाच भाड्यात मारले तेव्हा प्रत्येक नगामागं उरलेली रक्कम दुपटीच्या जवळ गेली. नग गोळा करून मारायचे, हीच यातली मेख आहे.

तुमच्या घरात कुणी हातानं सुतारकाम करत असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी जरूर करा. त्यातल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत मिळते. एका कुटुंबातल्या एकालाच मिळते, हे मात्र ध्यानात असू द्या.

तुमच्या गटात गिटार येणार नाही कदाचित. पाळणा येईल, देव्हारा येईल, बैलगाडीची खेळणी येतील. येत्या बैठकीत ठराव लिहायच्या आधी तीन प्रश्न वहीत मांडा. वर्षाला नग किती? हे अवजार जवळपास भाड्यानं मिळतं का? आणि ते चालवणाऱ्या बाईच्या तोंडाला काय लावणार? तिन्ही उत्तरं लिहून झाली की खुशाल खरेदीला जा.

आमची ती सून आता दुसऱ्या गटातल्या दोघींना गन धरायला शिकवते. पहिल्या दिवशी ती त्यांच्या हातात गन देत नाही, मास्क देते. तिच्या सासूबाई शेडच्या बाहेर बसून लक्ष ठेवतात.

भेटू पुढच्या वेळी. रामकृष्ण हरी.